भरलेल्या कपाचा प्रश्न

"आज वार कोणता?"

त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, बुधवार. "महिना?" तोही सांगितला. "आपण आत्ता कुठे बसलोय?" ठाण्याला, केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत. "शंभरातून सात वजा करत या." त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. मी विमा कंपनीत दाव्यांचे आकडे बघतो, त्यामुळे मी आपणहून थांबण्याची शक्यता नव्हती. शेवटी त्यांनीच हात वर करून मला थांबवलं. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात विचारलं, "आणि आपण इथे कशासाठी आलोय?"

"माझा धाकटा भाऊ इथे उपचार घेतो. नातेवाइकांचा प्रतिनिधी म्हणून मला बोलावलंय."

"पास," ते म्हणाले. "शेवटच्या प्रश्नाला बरेच जण नापास होतात."

मानसोपचाराच्या केंद्रात नवा पेशंट आला की त्याला हे प्रश्न विचारतात. माणूस भानावर आहे ना, हे त्यावरून कळतं. यांना ते तरुणपणापासून इतक्या वेळा विचारले गेले होते, की आता ते सगळ्यांना विचारत सुटले होते. वॉचमनला, औषधांच्या कंपनीच्या प्रतिनिधीला, ट्रस्टच्या विश्वस्तांनाही. एक विश्वस्त शहाऐंशीनंतर ऐंशी म्हणाले, तेव्हा यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "काळजी करू नका, लवकर आलात," असं सांगितलं. केंद्रात सगळे त्यांना परीक्षक म्हणायचे. मीही तेच म्हणतो. त्यांचं खरं नाव सांगितलेलं त्यांना चाललं असतं, त्यांच्या पुतण्याला चालेल की नाही हे मला माहीत नाही.

समिती कशाची होती, ते आधी सांगतो. केंद्राने एक संशोधन हाती घेतलं होतं. ज्यांना कानात आवाज येतात, संशय येतात, अशा पेशंटपैकी काहींनी रोजच्या गोळ्या घ्यायच्या आणि काहींनी महिन्यातून एकदा इंजेक्शन. कोणाला बरं वाटतं ते वर्षभर बघायचं. पैसे देणाऱ्या संस्थेची अट होती की असं संशोधन डॉक्टरांनी एकट्याने ठरवू नये. पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि कर्मचारी यांना सुरुवातीपासून बरोबर घ्यावं. म्हणून केंद्राच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांचे दोन साहाय्यक, नातेवाइकांतर्फे मी, कर्मचाऱ्यांतर्फे वॉर्डातल्या मावशी आणि पेशंटांतर्फे परीक्षक, असे आम्ही सहा जण दर महिन्याला बसायचो.

परीक्षकांनी या नेमणुकीनंतर व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं होतं. नावाखाली "अनुभवी रुग्ण" आणि त्याखाली "पत्रव्यवहार मराठीत". पहिल्या बैठकीत त्यांनी ते प्रत्येकाला दिलं, मावशींनाही. मावशींनी ते उलटसुलट बघून परत केलं. "मना कशाला? तुमाला मी रोज बघते."

मावशी कल्याणजवळच्या गावातल्या. त्यांच्या घरच्या शेतावर आता टॉवर उभा आहे आणि मुलाकडे दोन गाड्या आहेत. तरी त्या वॉर्डात नोकरी करत होत्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "घरा बसून काय करू, सुनेचा तोंड बघू?" परीक्षकांशी त्यांचं रोज वाजायचं. आणि ते वाजायचं बहुतेक वेळा चहावरून.

केंद्रात एक पद्धत होती. पेशंटना चहा अर्धा कप द्यायचा. काटकसर हे त्याचं कारण नव्हतं, हवा त्याने दुसऱ्यांदा घ्यावा. या औषधांनी पुष्कळांचे हात थरथरतात. भरलेला कप तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा बशीत आणि शर्टावर जातो. म्हणून अर्धा. ही पद्धत कोणी सुरू केली ते कोणाला सांगता येत नव्हतं आणि तिच्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं. परीक्षकांना वाटायचं. ते कप पुढे ढकलून म्हणायचे, "काठोकाठ भरा. अर्धा कप म्हणजे निदान आहे. लांबूनसुद्धा कळतं, पेशंट कोण आणि डॉक्टर कोण."

"सगल्यांना भरलेला दिला तं लादी कोन पुसंल? तुमी?"

"मी पुसेन."

"बघलाय. तुमी प्रश्न इचारता न् सांडलेला मी पुसते."

तरी मावशी त्यांना भरलेला कप द्यायच्या. ते खिशातून घडी केलेला मोठा रुमाल काढून गुडघ्यावर पसरायचे, कप उचलायचे, आणि तो तोंडाकडे नेताना सगळी समिती आपलं बोलणं थांबवून दुसरीकडे बघायची. चहा सांडायचा. ते उरलेला प्यायचे, मग बशीतला प्यायचे, रुमालाने हनुवटी पुसायचे आणि समोरच्या साहाय्यकाला शांतपणे सांगायचे, "नोंद करा."

ते मूळचे ड्राफ्ट्समन. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नकाशे काढायचे. त्यांच्या घरात भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला एका टाकीचा आराखडा लावलेला होता. त्यावरची अक्षरं छापल्यासारखी होती. पंचविशीनंतर आजार आला, कधी आभाळाएवढा उत्साह आणि कधी महिनोन्‌महिने अंथरूण. औषधांनी तो आवरला, पण हात गेला. "अक्षर गेलं, मी राहिलो," असं ते सांगायचे. हे सांगताना आवाज रडका नसायचा. जागा बदलल्याचं कळवावं तसं सांगायचे.

त्यांचा औषधांवर राग होता, असं मात्र कोणी समजू नये. ते गोळ्या चुकवत नसत आणि चुकवणाऱ्यांना झापायचे. "गोळी बंद करणारा मूर्ख," ते म्हणायचे, "आणि गोळीबद्दल न विचारणारा त्याहून मूर्ख." डॉक्टर मंडळींना यातला पहिला अर्धा भाग फार आवडायचा. दोन कार्यक्रमांत त्यांनी तो परीक्षकांकडून माइकवर वदवून घेतला. उरलेल्या अर्ध्या भागाच्या आधी टाळ्या सुरू व्हायच्या.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत प्रश्नावली ठरायची होती. पेशंटला बरं वाटतंय हे मोजायचं कसं? मॅडमकडे त्याची तयार मोजपट्टी होती. आवाज येतात का, किती, संशय येतो का, झोप, चिडचिड. प्रत्येकाला गुण. गुण कमी म्हणजे माणूस बरा. मॅडमनी ती वाचून दाखवली आणि विचारलं, "कोणाला काही सुचवायचंय?" हे त्यांनी कागद आवरता आवरता विचारलं.

"एक प्रश्न घाला," परीक्षक म्हणाले. "गेल्या महिन्यात दुसऱ्याच्या घरी जाऊन भरलेला कप चहा प्यालात का?"

साहाय्यक हसला. मॅडम हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. त्या म्हणाल्या, "काका, भावना समजते. पण हे मोजता कसं येणार?"

"प्यालात किंवा नाही प्यालात. हो नाहीतर नाही. यापेक्षा सोपं मोजमाप तुमच्या त्या चार पानांत कुठलं आहे?" मग ते माझ्याकडे वळले. "काय हो विमावाले?"

मी म्हणालो की हो-नाहीचा प्रश्न मोजायला सगळ्यात सोपा, हे खरं. पण मला एक शंका होती आणि ती मी बोलून दाखवली. "नाही म्हणणाऱ्यांपैकी कोणाचा हात थरथरतो आणि कोणाला कोणी बोलावतच नाही, हे कसं कळणार?"

"दोन्ही आजारच," ते म्हणाले. "पहिला औषधाचा, दुसरा गावाचा. पहिल्याचं मॅडम बघतील. दुसऱ्याचं मी बघतो."

तेवढ्यात मावशी बोलल्या. समितीत त्या आपणहून क्वचित बोलायच्या. त्या तास-दोन तास वर बसल्या की खाली वॉर्डात कोणीतरी खोळंबलेलं असायचं, आणि मग चार शब्द ऐकावे लागायचे ते त्यांनाच. त्या म्हणाल्या, "घाला तो प्रश्न. इथं येतात ती पोरा, त्यांची लग्ना मोडतात ती चहाच्या टायमाला. कांदेपोहे ठेवले, कप उचलला, का सगल्यांना समजतं. डोक्याचा कोनाला दिसतं? हात दिसतं."

प्रश्न घातला गेला. शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, पण घातला गेला. मॅडमनी त्या दिवशी फोटोग्राफर बोलावलेलाच होता. त्याने परीक्षकांचा कपासकट फोटो काढला. चहा सांडायच्या आधीचा.

दुसऱ्याचं मी बघतो, हे त्यांनी खरं केलं. डोंबिवलीला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी दर रविवारी साडेचारला चहा असायचा. केंद्रातल्या कोणीही यावं. अट एकच, कप भरलेला मिळेल. लादीवर त्यांनी जुन्या कारखान्यातून आणलेलं रबरी कापड अंथरलेलं होतं, त्यामुळे सांडण्याचं भय कोणालाच नव्हतं. कोणी सांडला की ते म्हणायचे, "स्वागत आहे."

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज यायला लागले. आई-वडील गेल्यावर तो आमच्याकडेच राहतो. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत जायचा आणि ते गेल्याचं दार वाजल्यावर बाहेर यायचा. माझ्या बायकोने त्याच्यासाठी कप वेगळा ठेवला होता, रुंद बुडाचा. लग्नकार्यांना तो येत नसे. मावसभावाच्या मुलाच्या मुंजीला आला तर पंगतीत बसला नाही, मांडवामागे उभा राहून जेवला. नातेवाईक त्याला माणूसघाणा म्हणायचे. आम्हीही थोडंफार तसंच समजत होतो.

परीक्षक एका रविवारी सकाळी आमच्या घरी आले, सरळ आतल्या खोलीत गेले, आणि मला त्यांचं ओळखीचं वाक्य ऐकू आलं. "आज वार कोणता?" भाऊ काहीतरी पुटपुटला. "आणि आज साडेचारला आपण कुठे आहोत?" मग भाऊ म्हणाला, "तुमच्याकडे?"

"पास."

तो गेला. मी त्याला सोडायला गेलेलो, वर गेलो नाही, खालीच थांबलो. तासाभराने तो उतरला. शर्टावर चहाचा मोठा डाग होता आणि तो लपवायचा त्याने प्रयत्नही केला नव्हता. "दादा, तिथे सगळेच सांडतात," तो मला म्हणाला. त्यानंतर तो दर रविवारी जायला लागला. पुढे पुढे एकटाच जायचा. जाताना बिस्किटांचा पुडा घेऊन जायचा, कारण दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, असं आमच्या आईने शिकवलं होतं. ते त्याच्या लक्षात असेल, हे मला माहीत नव्हतं. महिन्याभराने सांडणंही कमी झालं. हात तोच होता, गोळ्या त्याच होत्या. भीती गेली की थरथर थोडी उतरते, असं परीक्षक म्हणायचे. हे शास्त्राला धरून आहे का, ते मला ठाऊक नाही. मी डाग मात्र बघत होतो.

मग संशोधनासाठी गट पाडायची वेळ आली. कोणाला गोळ्या आणि कोणाला इंजेक्शन, हे संगणक ठरवणार होता. त्यात कोणाची मर्जी चालत नाही आणि ते योग्यच आहे. भावानेही भाग घ्यायला सगळं समजून सही केली होती. त्याच्या वाट्याला इंजेक्शन आलं.

आता जे झालं ते मी जपून सांगतो, कारण अर्धं सांगणं मला पटत नाही. इंजेक्शनने त्याचे आवाज कमी झाले. खूप कमी झाले. तो रात्री झोपायला लागला, भिंतीशी बोलणं थांबलं. ही लहान गोष्ट नाही. ज्यांच्या घरात हे नाही, त्यांना ती किती मोठी आहे ते कळणार नाही. पण त्याचे हात वाईट थरथरायला लागले. चालणं आखडलं. चेहऱ्यावरचं हसू कोणीतरी पुसून घ्यावं तसं गेलं. तीन-चार महिन्यांत त्याने रविवारचं जाणं बंद केलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "तिथेसुद्धा आता माझाच जास्त सांडतो." रुंद बुडाचा कप पुन्हा बाहेर निघाला.

केंद्रात त्याचे गुण बघून मॅडमनी माझं अभिनंदन केलं. मी हातांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, थरथरीवर एक गोळी देते. दिली. त्या गोळीने तोंड कोरडं पडलं, बाकी फरक पडला नाही. मी पुन्हा म्हणालो, औषध बदलता येईल का? त्या म्हणाल्या, "आकडे इतके सुंदर येतायत, आता मध्येच कशाला हात लावायचा? संशोधन संपू दे. निष्कर्ष काय येतो बघू, त्यावर सगळ्यांचंच ठरवू."

मी थांबलो. भावाच्या हातांचं काय होणार, ते त्या निष्कर्षावर होतं. शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, आमचा प्रश्न होता. तो विचारायचं काम मावशींकडे दिलेलं होतं, आणि मावशी कोणाला सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मला वाटत होतं, दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले जातील. इतक्यांचे आवाज कमी झाले, आणि इतक्यांनी दुसऱ्याच्या घरी जाणं सोडलं. मग डॉक्टरांनी, पेशंटने आणि घरच्यांनी मिळून तोलून बघावं. माझी मागणी एवढीच होती.

वर्ष संपल्यावर बैठक झाली. पडद्यावर आलेख. इंजेक्शनची रेघ गोळ्यांच्या रेघेच्या खाली उतरत गेलेली, म्हणजे सुधारणा. मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले. त्या दमलेल्या दिसत होत्या. रविवारी फी न घेता पेशंट तपासणाऱ्या बाई आहेत त्या, हेही इथे लिहून ठेवतो.

परीक्षकांनी कप खाली ठेवला. "चहाचा आकडा?"

"काका, तो प्रश्न यात घेता आला नाही. तो प्रमाणित नाहीये. म्हणजे आधी कुठे तपासून सिद्ध झालेला नाही. असा प्रश्न घातला तर नियतकालिकवाले सगळा लेखच परत पाठवतील."

"उत्तरं कमी आली होती का?" मी विचारलं.

साहाय्यकाने मॅडमकडे बघितलं. "नाही, उत्तरं जवळजवळ सगळ्यांची आहेत."

"मी इचारलाय सगल्यांना," मावशी म्हणाल्या. "इंजेक्शनवाले बहुतेक नाय बोलले. आधी हो बोललेले, तेपन नाय बोलले."

"मावशी, तुमचं काम खरंच छान झालंय," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, लेखात नसेल तर नसू दे, निदान केंद्रापुरता तो आकडा काढा, इथले पेशंट कशावर ठेवायचे ते त्यावरून ठरेल. त्या म्हणाल्या, बघू. आमच्या कंपनीत 'बघू'चा अर्थ मला चांगला कळतो.

परीक्षक उभे राहिले. त्यांचा आवाज चढला होता, हे खरं आहे. पण मी त्यांना मावशींशी लादीवरून यापेक्षा मोठ्याने भांडताना ऐकलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, आज वार कोणता?"

मॅडम कागद आवरायला लागल्या.

"आपण कुठे बसलोय?"

"काका, प्लीज."

"आपण इथे कशासाठी आलोय?"

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ झाला तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं. त्या म्हणाल्या, "काका, हल्ली झोप कशी आहे?"

परीक्षकांनी तो आवाज पूर्वी ऐकला असणार, कारण त्यांच्या तोंडावरचा सगळा त्वेष जागच्या जागी उतरला. क्षणापूर्वी ते समितीचे सभासद होते. आता ते तपासणीच्या खुर्चीत होते, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते एकाच वेळी दिसलं. ते सावकाश खाली बसले.

"लागते," ते म्हणाले.

"गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"घेतो."

"बोलणं थोडं वाढलंय असं वाटतं का तुम्हाला?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं. वाढलंय म्हटलं तर आजार, नाही म्हटलं तर आजाराची जाणीव नाही. त्यांनी बशीतला चहा प्यायला आणि तोंड पुसलं. नोंद करा, असं ते म्हणाले नाहीत. ती करायला साहाय्यकाने आधीच सुरुवात केली होती.

पुढच्या आठवड्यात त्यांना तपासणीला बोलावून गोळ्यांची मात्रा वाढवली गेली. समितीच्या ताणापासून त्यांना काही काळ विश्रांती द्यावी, असंही ठरलं. ते कोणी ठरवलं असं मी विचारलं, तर 'सगळ्यांनी' असं उत्तर आलं. सगळ्यांत मी नव्हतो आणि मावशीही नव्हत्या. त्यांच्या जागी एक तरुण पेशंट आला. फार गोड मुलगा, सगळ्याला हो म्हणायचा. आमच्या कंपनीत आम्ही लोकांचे दावे नामंजूर करतो, आणि ते चिडतात, ओरडतात, टेबलावर हात आपटतात. आम्ही त्यांना नियम दाखवतो. ओरडतोय म्हणून त्याची झोप कशी आहे, असं आम्ही कोणालाही विचारलेलं नाही. दावा नामंजूर करायला माणूस नामंजूर करावा लागत नाही.

अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, रंगीत. दुसऱ्या पानावर "रुग्ण आणि कर्मचारी यांच्या सहभागातून" असं शीर्षक आणि त्याखाली परीक्षकांचा फोटो, हातात काठोकाठ भरलेला कप. आतल्या पानांत चहाचा प्रश्न कुठेही नाही. मी तो मावशींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"फोटोत कप दिसतं," त्या म्हणाल्या. "सांडलेला नाय दिसत."

त्यानंतर मी दोनदा परीक्षकांच्या घरी गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा रबरी कापड गुंडाळून कोपऱ्यात उभं केलेलं होतं. रविवारचं येणं थांबलं होतं. येणाऱ्यांना कोणी नको म्हटलं नव्हतं, यांचंच बोलावणं थांबलं होतं. जीभ जड झाली होती, दुपारचे ते झोपून असायचे. दुसऱ्या वेळी भाऊ बरोबर होता. तो बिस्किटांचा पुडा घेऊन आला होता. त्यानेच ओट्यावर जाऊन चहा केला आणि सवयीप्रमाणे कप काठोकाठ भरायला लागला.

"अर्धा," परीक्षक म्हणाले.

भावाने हात थांबवला. त्याला वाटलं आपलं काही चुकलं. "काका, तुमच्याकडे भरलेला असतो."

"असतो," ते म्हणाले. "आज अर्धा दे."

त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. भावानेही स्वतःसाठी अर्धाच घेतला. मला मात्र त्याने भरून दिला. त्या घरात तोपर्यंत असा फरक झाला नव्हता. निघताना मी मुद्दाम दारात रेंगाळलो, वार विचारतील म्हणून. त्यांनी विचारला नाही. मग भावानेच विचारलं, "काका, आज वार कोणता?" ते नुसते हसले. उत्तर येत होतं की नव्हतं, ते मला त्या हसण्यावरून कळलं नाही.

पावसाळ्यानंतर पुतण्या त्यांना नाशिकला घेऊन गेला. तिकडेच ते वारले. पुतण्याने फोन करून कळवलं तेव्हा म्हणाला, शेवटी शेवटी काका अगदी शांत झाले होते, काही त्रास नव्हता. मी ठीक आहे म्हणालो.

मी केंद्राला पत्र लिहून चहाच्या प्रश्नाचा आकडा मागितला होता. उत्तरात त्यांनी माझ्या सहभागाबद्दल आभार मानले. दुसरं पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. भावाला मी कल्याणच्या एका डॉक्टरांकडे न्यायला लागलो. त्यांनी त्याला दहा मिनिटं काही न विचारता बघितलं, हात पुढे करायला लावले आणि औषध बदललं. पहिले काही आठवडे आवाज परत आले, आम्ही घाबरलो. मग बेताचे झाले. आता ते असतात, पण लांबून येतात, असं तो सांगतो. हातांची थरथर मात्र जवळजवळ गेली आहे. रुंद बुडाचा कप माझ्या बायकोने माळ्यावर टाकला. घरी तो आमच्यासारख्याच कपातून पितो, काठोकाठ, बशी न घेता.

रविवारी साडेचारच्या सुमाराला तो शर्ट बदलतो. बदलून गॅलरीत उभा राहतो. नातेवाइकांना मी सांगून बघितलं की आता तो येईल, त्याला बोलवा. सगळे हो म्हणाले. बिस्किटांचा एक पुडा फडताळात आहे, तो मऊ पडला की बायको नवा आणून ठेवते.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच्या घरी जाऊन भरलेला कप चहा प्यालात का? आमच्या घरचं उत्तर अजून 'नाही' असंच आहे. औषधाचा आणि गावाचा, या दोन आजारांपैकी कोणत्या आजारामुळे, हे या प्रश्नावरून कळत नाही, ही माझी जुनी शंका बरोबर होती. म्हणून सांगून ठेवतो. पहिला बरा झाला आहे.